मिशाळ्यांची वाळू

कापूरहोळच्या फाट्यावर मी दुकान चालवायची तेव्हा सुट्टीच्या दिवशी एखादी तरी गाडी करकचून ब्रेक मारून थांबायची. काच खाली व्हायची आणि आतून प्रश्न यायचा, "मावशी, सुरमई ताजी आहे का?" पाटीवरचं 'मासे' एवढंच वाचून लोक थांबत. पुढचं 'काचेच्या टाक्या, पंप, दुरुस्ती' वाचायला हायवेवर वेळ कुणाला असतो? पहिली काही वर्षं मी नीट समजावून सांगितलं. पुढे कंटाळले आणि "ताजी कसली, जिवंतच आहे, पण तळायला घेतलीत तर कढई रिकामी दिसेल," असं म्हणायला लागले. एकदा एक बाई पिशवी घेऊन उतरल्या आणि टाकीतल्या गोल्डफिशकडे बोट दाखवून "हा कापून देता का?" म्हणाल्या. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी फटकळ आहे, हे आमच्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे.

आता दुकान सून बघते. ती गिऱ्हाइकांशी गोड बोलते आणि माझ्यापेक्षा बरा धंदा करते. मी वरवे बुद्रुकला घरी असते. सकाळी विहारात जाऊन येते, आणि दुपारी कुणाच्या तरी टाकीचं पाणी गढूळ का झालं हे फोनवर सांगत बसते. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "रंगीत माशांबद्दल लिहा ना, लोकांना आवडेल." रंगीत माशांबद्दल कुणीही लिहील. मी वाळूबद्दल लिहिणार आहे.

हसू नका. टाकी घ्यायला येणारा माणूस आधी मासे निवडतो, मग दिवा, मग तो बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा खजिना. तळात काय घालायचं हे त्याला निघताना आठवतं. "आणि ते निळे खडे पण द्या." निळे, गुलाबी, पोपटी. वरच्या पाण्यात फिरणाऱ्या माशांचं त्या खड्यांवाचून किंवा खड्यांमुळे काही अडत नाही. पण काही मासे तळाशी राहतात. त्यांचं तोंड खाली वळलेलं असतं, तोंडाला नाजूक मिश्या असतात, आणि त्या मिश्यांनीच ते अन्न शोधतात. असा मासा वाळूत तोंड खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, त्यातला खाण्याचा कण ठेवून बाकीची वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. तासन् तास हेच चालतं. खड्यांवर त्याला हे जमत नाही. अन्न खड्यांच्या फटीत जाऊन कुजतं, हा मात्र उपाशी राहतो, आणि खड्यांवर घासून घासून त्याच्या मिश्या झिजतात. मिश्या गेल्या की त्याचे हात, नाक आणि जीभ एकदम गेल्यासारखं होतं.

म्हणून अशा माशांना वाळू. पण वाळूचेही नखरे असतात. ती आधी धुवावी लागते, आणि आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी पट धुवावी लागते. थर दोन बोटांचा पुरतो. जाड थर दिला तर ती दाबून बसते, खाली हवा पोचत नाही, आतून काळी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास धरते. हे होऊ नये म्हणून अधूनमधून बोटाने वरच्यावर हलवायची. घाण काढायची नळी वाळूत खुपसायची नाही, वर अधांतरी धरायची. पाणी ओतताना खाली ताटली ठेवायची, नाहीतर तळात खड्डा पडतो. एवढं केलं की झालं. इतकं साधं काम असून लोक त्यात काय काय करून ठेवतात, ते मला विचारा.

आमच्या फाट्यावरच्या एका ढाबेवाल्याने माझं ऐकून निळे खडे फेकून दिले आणि मागे खोलीचं बांधकाम चाललं होतं तिथली वाळू टाकीत ओतली. ती दगडखाणीतली क्रश वाळू, दगड फोडून केलेली. तिच्या कणाला धार असते. त्याच्या माशांची पोटं सोलवटून लाल झाली, तर हा मलाच म्हणतो, "तुमीच म्हनला वाळू घाला. वाळू ती वाळूच की." मी चिमूटभर वाळू घेतली आणि म्हटलं, गालावर चोळून बघा. तो नुकताच दाढी करून आला होता. पुढचं समजावून सांगायची गरज पडली नाही.

भोरचे एक निवृत्त मास्तर होते, अतिशय सज्जन. त्यांची मुलगी कोकणात दिलेली. ती माहेरी येताना वरंधा घाटातून गाडीच्या डिकीत पोतंभर समुद्राची वाळू घेऊन आली. बाबांच्या टाकीसाठी, कौतुकाने. वाळू दिसायला सुरेख, पांढरी, पण मासे कोपऱ्यात अंग चोरून बसायला लागले. मी मूठभर वाळू वाटीत घेऊन वर लिंबू पिळलं तर ती फसफसली. शिंपल्यांचा चुरा होता तो. तो पाण्यात विरघळत राहतो आणि पाणी जड होतं. मी म्हटलं, काढून टाका. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "लेकीनं एवढ्या लांबून आणलीय हो." मग मी त्यांचे मासे परत घेतले आणि जड पाण्यात सुखाने राहणारे दुसरे मासे दिले. वाळू राहिली. माझ्याकडे काही अगदीच दगडाचं काळीज नाही.

पण हा लेख लिहायला घेतला तो पालीच्या इंदूबाईंसाठी.

पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव. इंदूबाई आणि त्यांचे यजमान, नामदेवआबा, भाताची शेती करतात आणि गड चढायला येणाऱ्यांना जेवण देतात. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि सांगून ठेवलं तर कोंबडी. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने जेवणाच्या पडवीत शोभेला एक फिश टँक आणून ठेवला आणि तो निघून गेला. त्यात सहा मिशीवाले छोटे मासे, दोन-तीन पाण्यातली झाडं आणि निळे खडे. ट्रेकर मंडळी हात धुता धुता त्यात भाकरीचे तुकडे टाकायची.

एके दिवशी इंदूबाई जीपने फाट्यावर आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. मला वाटलं याही सुरमई मागणार. पण त्यांनी पिशवीतून एक बरणी काढली, त्यात एक मासा होता. त्या म्हणाल्या, "ताई, ह्याच्या मिश्या झडल्यात. बाकीच्यांच्या बी झडाय लागल्यात. काय औशीद हाय का?"

इतक्या वर्षांत माशाच्या मिश्या गेल्या हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. मी खुर्ची दिली, चहा मागवला. औषध नाही, वाळू, असं सांगितलं. माझ्याकडची धुतलेली वाळू देऊ केली तर त्यांनी आधी ती चिमटीत घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "अशी तर आमच्या वढ्याला बी हाय." घरी जाऊन त्यांनी ओढ्याच्या कडेची बादलीभर वाळू आणली, पिठाच्या चाळणीने चाळली, धुतली आणि टाकीत घातली. मुळापासून गेल्या नसतील तर या माशांच्या मिश्या पुन्हा फुटतात. यांच्या फुटल्या. इंदूबाई मला तेवढंच सांगायला पुन्हा जीपने आल्या.

त्या माशांना त्या 'मिशाळ्या' म्हणायच्या. सहाही माद्याच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला एकदा म्हणाल्या, "आमच्याकडं जो येतो त्यो वर गडाकडं बगतो. ह्या एकट्या खाली बगून खात्यात. दुपारी समद्यांची जेवनं झाली, की मी बी हितं यिऊन बसती." दिवसभर चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईची ती बसायची एकमेव जागा होती, हे मला नंतर कळलं.

पुढे इंदूबाईंच्या पोटाचं दुखणं निघालं. पुण्यात ऑपरेशन झालं आणि मुलीकडे, सुरेखाकडे, त्या राहिल्या. आबा शेतीमुळे आणि जनावरांमुळे गावीच. जाताना इंदूबाईंनी नवऱ्याला बजावून सांगितलं होतं, की चिमूटभर खायला घाला, आणि वाळू मधनंमधनं खालवर करा, न्हाईतर काळी पडते.

आता आबांची बाजू सांगते, कारण माणूस वाईट नाही. जन्मभर भात लावलेला माणूस. टाकीपुढे तो पहिल्यांदाच बसला तेव्हा त्याला मासे दिसलेच नाहीत, त्याला दिसली ती पाण्यातली झाडं. दोन-तीन काड्या, पिवळ्या पडलेल्या. आणि खाली माती म्हणावी तर दोन बोटं. "एवढ्याशात काय मुळं धरायची?" असं त्याला वाटलं. मग त्याने भाताचं रोप करताना जमिनीची जशी तयारी करतात तशी टाकीची केली. वाळू बाजूला सारली, खाली कुजलेलं शेणखत पसरलं, वर ओढ्याची आणखी वाळू घातली, चांगली वीतभर. मासे बादलीत काढून, पुन्हा सोडून, सगळं नीट, प्रेमाने केलं.

आणि झाडं आली की! हिरवीगार, तरारून आली. शहरात लोक झाडांसाठी वाळूखाली मुद्दाम माती घालतात, त्यामुळे आबांचं डोकं अगदीच उलटं चाललं होतं असं मी म्हणणार नाही. पण शेणखत ते शेणखत. तळात ते कुजत राहिलं आणि त्याचा विषारी वायू वाळूखाली कोंडत गेला. वाळूतून बुडबुडे यायला लागले, तर आबांना वाटलं जमीन जिवंत झाली. रोज संध्याकाळी बायकोला फोनवर सांगायचे, "तुज्या मिशाळ्या मजेत हायेत."

मग सुरेखाचा फोन आला की आईला रविवारी घेऊन येते. आबांना एकदम आठवलं, वाळू खालवर करायची राहूनच गेली. हिने सांगितलं होतं, आणि आपण एकदाही केली नाही. मग त्यांनी बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात घालून टाकीची चिखलणी केली. शेतात बैल लावून करतात तशीच. सगळी टाकी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरची वाळू खाली आणि खालची वर.

आबांचा फोन आला तेव्हा मला शब्दच कळेनात. "ताई, पानी काळं झालं. वास सुटलाय. त्या वर यिऊन तोंड वासाय लागल्यात."

मी ओरडून सांगितलं, आधी त्यांना बाहेर काढा. पिण्याच्या पिंपात भरून ठेवलेलं जुनं पाणी आहे ना, त्यात टाका. नळीच्या थंड पाण्यात नको, पिंपातल्याच. हवेचा पंप त्यात सोडा. आणि फिल्टरचा स्पंज धुवू नका, पाणी साफ ठेवणारे जंतू त्यातच असतात, तो ओला ठेवा. माझ्या मुलाने मला मोटारसायकलवर बसवलं आणि आम्ही पालीला निघालो. रस्ताभर मी आबांना काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. चांगलं खरमरीत जमलं होतं.

पोचले तर पडवीत वास भरलेला. ट्रेकर लोकांचा भात शिजवायचं मोठं पातेलं मध्ये ठेवलेलं, त्यात पंपाची नळी, आणि तळाला दोन मासे, कल्ले जोरजोरात हलवत. बाकीचे चार आबांनी पडवीच्या कडेला केळीच्या पानावर ओळीने ठेवले होते आणि वरून दुसरं पान झाकलं होतं. आबा उकिडवे बसले होते. हात कोपरापर्यंत काळा, अजून धुतला नव्हता.

"म्या तिला काय सांगू?" एवढंच म्हणाले.

माझं सगळं जुळवलेलं भाषण तिथेच राहिलं. मी पदर खोचला आणि म्हटलं, उठा आबा, रविवारपर्यंत त्या दोघींना तरी जगवायचं आहे.

टाकी रिकामी केली. मी म्हटलं, ही वाळू द्या टाकून, माझ्याकडची नवी आणली आहे. आबा हट्टाला पेटले. "तिनं चाळून आनल्याली वाळू हाय ती. टाकायची न्हाई." मग मी म्हटलं, धुवा तर. वाळू धुतली आणि उन्हात सुकवली की वास जातो, पण धुणं धुण्यासारखं पाहिजे. आबांनी घमेलं घेतलं, अंगणातल्या पंपाचा पाईप लावला आणि हाताने वाळू खळबळून काळं पाणी ओतायला लागले. मी पायरीवर बसून तपासत होते. घमेल्यात पाणी भरायचं, थांबायचं, आणि तळाचा दाणा न् दाणा दिसला तर पास. आबा घमेलं आणून दाखवायचे, मी म्हणायची, "अजून." पुन्हा दाखवायचे. "अजून." कुठल्याही सासूने सुनेला केला नसेल एवढा छळ मी त्या दिवशी त्या माणसाचा केला. शेवटी आबा कंबर धरून उभे राहिले. "ताई, भातलावनी परवडली. तितं निदान वाकून झाल्यावर कुनी नापास करत न्हाई."

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. हात ओले म्हणून त्यांनी तो पायरीवर ठेवून स्पीकरवर लावला. इंदूबाईंचा आवाज.

"काय करताय?"

"काय न्हाई. बसलोय."

"माज्या मिशाळ्या कशा हायेत?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "मजेत हायेत. तुजं कसं हाय? दुखतं का?"

"काय दुखत न्हाई. मला काय धाड भरलीया? रविवारी येतेच की."

फोन बंद झाल्यावर आबा पुन्हा खाली बसले आणि आधी पास झालेलं घमेलंच परत धुवायला लागले.

मी मोटारसायकलवर बसायच्या आधी आबांनी मला बाजूला घेतलं. "ताई, तुमच्या दुकानात अशाच मिशाळ्या असतील न्हवं? चार आना. तिला कळायचं न्हाई."

आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, हे सांगून टाकते. लहान मुलाचा मासा मेला की आईवडील गुपचूप तसाच दुसरा घेऊन जातात आणि मूल शाळेतून यायच्या आत टाकीत सोडतात. मी असे कितीतरी मासे दिलेत. पण इंदूबाई काही लहान मूल नव्हत्या. माशाच्या मिश्या गेल्या हे लांबून ओळखणारी बाई. मी म्हटलं, आबा, त्यांना कळेल. आणि कळलं की मेल्याच्या दुःखापेक्षा फसवल्याचं जास्त लागेल.

आबा म्हणाले, "कळू द्या मग. पन आल्या आल्या नको. पोट फाडल्याली बाई हाय ती, अजून टाकं वलं असतील. तिनं दारातनं आत यावं, त्यास्नी बगून जरा हसावं, एवढंच. मग दोन म्हयन्यांनी म्या सोता सांगीन."

मला माझं मत सोडायला आवडत नाही. पण त्या माणसाला फक्त बायकोचं एक हसू पाहिजे होतं, त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही.

रविवारी सकाळी मी चार मासे पिशवीत घेऊन गेले. टाकी आधीच तयार होती. धुतलेली वाळू दोन बोटं, जुना स्पंज, स्वच्छ पाणी, आणि तळाला त्या जुन्या दोघी. त्या बऱ्या दिसत होत्या. नवीन मासे आणले की पिशवी तशीच बांधलेली पाण्यावर तरंगत ठेवतात, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होतं. एकदम सोडले तर त्यांना धक्का बसतो. मी पिशवी तरंगत ठेवली. इंदूबाई दुपारी जेवायला येणार होत्या, वेळ भरपूर होता.

आणि बाहेर गाडीचं दार वाजलं. पुण्यातून पहाटेच निघाल्या होत्या. सुरेखा नंतर म्हणाली, आईला झोपच लागत नव्हती, घरी चल, घरी चल असं लावलं होतं.

इंदूबाई मुलीचा हात धरून पडवीत आल्या. किती वाळल्या होत्या, काय सांगू. गाल आत गेलेले, लुगडं अंगावर लोंबतंय. आबांनी खुर्ची पुढे केली. ती त्यांनी बघितलीही नाही. दोन्ही हात पोटावर धरून त्या सरळ टाकीपाशी गेल्या आणि वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानेच बघायला लागल्या.

"पिशवीत कोन हायेत?" त्यांनी विचारलं.

मी आबांकडे बघितलं.

आबा पंचा हातात पिळत होते. "नव्या हायेत," ते म्हणाले. मग एकदम सगळंच बाहेर आलं. "तुज्यातल्या दोनच ऱ्हायल्या, इंदे. चार मेल्या. म्या मारल्या. खत घातलं खाली, वर चिखलनी केली. ताईंनी ह्या दोन वाचवल्या. म्या तुला फसवनार हुतो."

मला वाटलं आता रडतील, नाहीतर ओरडतील. इंदूबाई पिशवीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, आदी त्यास्नी सोडा. किती वेळ कोंडून ठेवायच्या?"

मी पिशवीची गाठ सोडली आणि टाकीतलं थोडं थोडं पाणी आत घेत, सावकाश तोंड खाली केलं. चारही मासे तळाला गेले. दुकानात आम्ही सफाईला सोपं म्हणून त्यांना नुसत्या काचेवर ठेवतो, त्यांनी वाळू कधी बघितलेलीच नसते. ते तळाला टेकले आणि तसेच थांबले. मग त्यातल्या एकीने नाक वाळूत घातलं, थोडं, मग आणखी थोडं, आणि शेवटी डोळ्यांपर्यंत. कल्ल्यांतून वाळूची बारीक धार सुटली. जुन्या दोघी सरकत सरकत तिच्या बाजूला येऊन बसल्या.

इंदूबाई बघत होत्या. नजर न काढता म्हणाल्या, "वाळू माजीच हाय ही."

"व्हय," आबा म्हणाले. "टाकली न्हाई. म्याच धुतली."

"फोनवर रोज म्हनायचा, मजेत हायेत."

"आता तुला तिकडं सांगून काय करायचं हुतं? तुजं तुला झेपंना. म्हटलं, हितं जीव लावून बसशील."

"व्हय की," इंदूबाई म्हणाल्या. "मी बी रोज सांगतच हुते. काय दुखत न्हाई म्हनून."

आबांना समजलं नाही. त्यांनी सुरेखाकडे बघितलं. ती उंबऱ्यातच पिशव्या घेऊन उभी होती. "आबा, आईचे टाके चिघळले होते," ती म्हणाली. "परत ऑपरेशन करावं लागलं. मी तुम्हाला बोलावणार होते, पण तिनं शपथ घातली. म्हणाली, ते सगळं टाकून पळत येतील आणि तिकडं जनावरं उपाशी मरतील."

आबांनी पंचा खांद्यावर टाकला, बायकोजवळ गेले आणि तिच्या तोंडाकडे बघत हळूच विचारलं, "दुखतं का गं?"

"लई दुखतं," इंदूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या हाताला धरून हळूहळू खाली बसल्या.